झिजल्या अक्षराची मोहीम

विद्येचे दरबारी जे जे मानकरी, खुर्चीवर असलेले व खुर्चीवरून उतरलेले, शोधनिबंध लिहिणारे व लिहितो लिहितो म्हणोन उमर घालविणारे, त्या समस्तांचे चरणी लेखणी ठेवोन हे वर्तमान सादर केले असे. मध्य युरेशियाचा अभ्यास करणारा जो विभाग, दोन खोल्या आणि एक गॅलरी इतक्या मुलखाचा धनी, त्याजवर कैसे अरिष्ट आले, आणि बाईसाहेबांनी आंतरराष्ट्रीय परिषदेची मोहीम कैसी उभी केली, आणि दंतवैद्यांचे अफाट फौजेशी तह कोणे रीतीने जाहला, आणि दोघा आचार्यांचे जुने वैर अखेर कोठवर पोहोचले, हे जैसे घडले तैसे, पदरचे न घालता लिहिले आहे. कोठे अधिक उणे दिसल्यास दोष लेखणीचा, बाईसाहेबांचा नव्हे.

प्रथम मुलखाचे वर्णन. मध्य युरेशिया म्हणजे गवताळ मैदाने, वाळवंटे, बर्फाचे डोंगर आणि त्यांमधून जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा, ऐसा बेफाम प्रदेश. घोड्यावर बसोन निघावे तर माणूस म्हातारा व्हावा आणि गवत संपू नये. त्याचा अभ्यास करणारा विभाग मात्र विद्यापीठाचे मागील इमारतीत, तिसरे मजल्यावर, जिन्याला लागोन. एका खोलीत पुस्तके, दुसरीत बाईसाहेब, आणि गॅलरीत इतर विभागांनी आणोन टाकलेल्या मोडक्या खुर्च्या. बाईसाहेब या विभागाच्या प्रमुख, आणि प्राध्यापक, आणि बहुतेक दिवशी कारकूनही त्याच. त्यांच्या हरएक व्याख्यानात पडद्यावर गवताची छायाचित्रे येत, म्हणोन विद्यार्थ्यांनी त्यांस ‘गवतबाई’ ऐसा किताब बहाल केला होता. बाईसाहेबांस तो ठाऊक होता. मनातून आवडतही होता, परंतु तसे त्यांनी कोणास कळू दिले नाही.

ऐशा सुखात दिवस चालले असता अधिष्ठाता साहेबांचे हुजुरून बोलावणे आले. व्यवस्थापनशास्त्राची गर्दी फार वाढली, त्यांस बसावयास ठाव उरला नाही, आणि त्यांच्या सरदारांनी नकाशा पुढे पसरोन मागील इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बोट ठेविले, हे वर्तमान बाईसाहेबांच्या कानी अगोदरच आले होते. तेव्हा त्यांनी मन घट्ट केले, आणि पदर सावरला, आणि साहेबांचे दालनात दाखल जाहल्या.

“बाई, मी तुमच्या विरुद्ध नाही,” अधिष्ठाता साहेब म्हणाले. “बसा. पण मला एक सांगा, ह्या विषयाचा आपल्याशी संबंध काय? कुठलं हजारो मैलांवरचं गवत. तुम्ही बहाद्दर म्हणून इतकी वर्षं एकटीनं विभाग चालवलात, ते मी मानतो. पण—”

“बहाद्दर हा शब्द तिकडचाच आहे, साहेब.”

“कुठला?”

“गवतातला. घोड्यावर बसून निघाला, वाटेत बऱ्याच भाषांमध्ये मुक्काम केला, आणि आत्ता तुमच्या तोंडून बाहेर पडला.”

साहेबांनी हातातील पेन खाली ठेविले. “आणखी कुठला?”

“तोफ.”

“तीसुद्धा?”

“तीसुद्धा.”

साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, आणि घसा साफ केला, आणि मग अट घातली ती येणेप्रमाणे. त्यांनी इंटरनेटवर तपास करविला होता. या विषयात दोनच नावे पुन्हा पुन्हा वर येत होती, आणि दोन्ही माणसे पूर्वी याच विभागात शिकवीत. त्या दोघांस एका परिषदेत आणावे, परदेशातून विद्वान यावेत, आणि मोठे सभागृह भरावे. इतके जाहले तर खोल्यांचे नाव कोणी काढणार नाही. न जाहले तर पुस्तके खाली गोदामात जातील, आणि बाईसाहेब इतिहास विभागात, कोपऱ्यातील टेबलावर.

बाईसाहेब ‘बरं’ म्हणोन बाहेर पडल्या, आणि जिन्याचे मधल्या वळणावर त्यांच्या ध्यानी आले की आपण काय कबूल करोन बसलो. मग त्या तेथेच पायरीवर बसल्या.

याचे कारण सांगणे प्राप्त आहे. ती दोन नावे म्हणजे थोरले आचार्य आणि धाकटे आचार्य. थोरल्यांनी धाकट्यांस शिकविले, आणि पुढे दोघांनी मिळोन बाईसाहेबांस शिकविले. थोरल्यांकडे त्या जुनी लिपी शिकल्या, आणि धाकट्यांच्या हाताखाली त्यांनी आपला प्रबंध लिहिला. दोघे गुरुशिष्य एके उन्हाळ्यात त्या दूरच्या मैदानात एका तंबूत राहिले, आणि गवतात उभ्या असलेल्या एका कोरीव दगडाची त्यांनी नक्कल उतरविली. दगडावर लिहिले होते की माझ्या तंबूत, आगीच्या वरल्या अंगास बसला तो माझा अमुक. तो गेला, आणि मी दगड उभा केला. तो अमुक कोण, इतकाच प्रश्न. त्या शब्दातील एक अक्षर वाऱ्यापावसाने झिजले होते. त्या अक्षरास एक दात, म्हणजे बाजूस निघालेली छोटी रेघ, मानला तर शब्द होतो ‘पाहुणा’. दोन दात मानले तर होतो ‘ओलीस’.

थोरल्यांनी पाहुणा वाचिले आणि तैसे प्रसिद्ध केले. धाकट्यांनी एका परिषदेत उभे राहोन, थोरल्यांच्या समक्ष, ओलीस म्हणोन सांगितले. थोरले उठोन गेले. त्या दिवसापासोन बोलणे बंद. मग जगभरच्या विद्वानांत पाहुणेपंथी आणि ओलीसपंथी ऐसे दोन तट पडले, आणि एकमेकांच्या लेखांवर तळटिपांमधोन बाण सुटू लागले. बाईसाहेब मात्र वर्गात हा दगड शिकविताना त्या शब्दापाशी आल्या की पुढचे गवताचे छायाचित्र लावीत. एकाचे वाचन खरे म्हणावे तर दुसरा दुखावणार, आणि त्यांस दोघेही बापाच्या जागी.

तथापि खोल्या राखणे होत्या. म्हणोन बाईसाहेबांनी पहिली वकिली थोरल्यांकडे फोनवर केली. ते निवृत्तीनंतर दूरदेशी लेकीकडे राहात.

“कोण? तू होय. बोल. ओरडू नकोस, मला ऐकू येतं.”

“सर, मी ओरडत नाहीये.”

“मग मीच ओरडत असेन. बोल.”

बाईसाहेबांनी सर्व हकीकत सांगितली. पलीकडून प्रश्न आला.

“तो येणार आहे का?”

“कोण, सर?”

“ओलीस.”

“विचारणार आहे त्यांना.”

“तो येणार असेल तर मी येतो. मी काय म्हणत होतो ते त्यानं एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवं. मला दुसरं काही नको.”

दुसरी वकिली जातीने केली. धाकटे आचार्य त्याच शहरात, एका शांत गल्लीत राहात, आणि बाईसाहेब गेल्या तेव्हा बाल्कनीत कुंडीतील माती बदलीत होते. त्यांनी सर्व ऐकले, आणि हाताची माती झटकीत म्हणाले, “सर येत असतील तर मी येतो. शेवटच्या रांगेत बसेन. बोलणार मात्र नाही. सरांसमोर मी एकदाच बोललो, ते आयुष्यभर पुरलं.”

“सर, नुसतं व्यासपीठावर—”

“शेवटच्या रांगेत,” धाकटे म्हणाले, आणि कुंडीस पाणी घालू लागले.

अर्धा विजय हाती आला ऐसे समजोन बाईसाहेबांनी मोहिमेचा सरंजाम सुरू केला. देशोदेशी निमंत्रणे सुटली. उत्तरे आली, आणि उत्तरांसवे अटी आल्या. खोगिरांचा इतिहास लिहिणारे एक मातबर विद्वान म्हणाले की आम्ही येतो, परंतु आमचे समवेत एक खोगीर येईल, त्यास निराळी खुर्ची द्यावी. लोकर दाबोन केलेल्या नमद्यांवर उमर घालविलेल्या एका बाईंनी कळविले की नमदा ओल्या हवेत फुगतो, तरी खोली कोरडी असावी. घोडीच्या आंबविलेल्या दुधावर संशोधन करणाऱ्या तरुणाने विचारिले की नमुना आणला तर चालेल काय, आणि बाईसाहेबांनी तत्काळ, आदबीने, परंतु ठाम नकार पाठविला. दोघे विद्वान एकाच खानाच्या मृत्यूचे साल निरनिराळे मानीत, ते एका सत्रात बसेनात. त्यांस दोन सत्रांत घालावे तर दोघांसही सकाळचे सत्र हवे. बाईसाहेबांनी एकास दुपारचे देऊन अध्यक्षपद जोडोन दिले, आणि हे प्रकरण मिटविले.

मग परिषद तोंडावर आली असता थोरल्यांच्या लेकीचा फोन आला. बाबांचे हृदयाचे ठोके चुकतात, वैद्यांनी विमानाची सक्त मनाई केली, बाबा कोणाचे ऐकत नव्हते म्हणोन त्यांचा कोट कुलुपात ठेविला आहे. बाईसाहेबांस प्रथम त्यांच्या जिवाची काळजी वाटली, आणि मग खोल्यांची, आणि मग खोल्यांची वाटली याची लाज वाटली. अखेर ऐसे ठरले की थोरले घरी बसोन पडद्यावरून भाषण करतील. अधिष्ठाता साहेबांस विचारिले तर त्यांनी पडदा मान्य केला. सभागृह मात्र भरलेले हवे, यात सूट दिली नाही.

परिषदेचा दिवस उजाडला, आणि बाईसाहेब विभागात बसोन विद्वानांच्या नावांच्या पट्ट्या लावीत होत्या, तो त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. बहीण पेशाने दंतवैद्य.

“ताई, तू आधी खाली ये.”

“अगं, मला वेळ नाहीये.”

“ये तू. तुझ्या सभागृहात आमचा दात लागलाय.”

बाईसाहेब खाली धावल्या. पाहतात तो मोठे सभागृह दंतवैद्यांचे फौजेने काबीज केलेले. दारावर त्यांचे पहारे, आत सर्व खुर्च्यांवर त्यांच्या पिशव्या, आणि व्यासपीठाचे मागे, छतापासोन जमिनीपर्यंत, एक पांढराशुभ्र, हसरा, हातपाय असलेला दात. दंतवैद्यांची वार्षिक महासभा त्याच दिवशी, त्याच जागी. सभागृहाच्या कारभाऱ्याने दोघांसही होकार देऊन ठेविला होता, आणि आता तो कोठे सापडत नव्हता. दंतसेनापती म्हणोन जे गृहस्थ होते, त्यांचा आवाज नगाऱ्यासारखा. ते म्हणाले की आम्ही शेकड्यांनी आहोत, आपण किती आहात? बाईसाहेबांनी खोगीर धरोन मोजले तरी संख्या सांगण्याजोगी होईना. म्हणोन त्या पुन्हा पहिल्यापासोन मोजू लागल्या.

ताईची ही अवस्था धाकट्या बहिणीने पाहिली. लहानपणी हीच ताई तिच्या वाटणीचे भांडण शाळेत जाऊन भांडत असे. बहिणीने ताईस बाजूस केले, आणि सेनापतींस म्हणाली, “सर, ही माझी सख्खी बहीण. आज हिचा विभाग जाईल किंवा राहील. दुपारनंतर आपली नुसती प्रात्यक्षिकं आहेत, ती मागच्या दालनात होतील.”

“मागच्या दालनात दिवे चांगले नाहीत,” सेनापती म्हणाले.

“आपल्याला दाताचं बघायचंय, सर. आपले दिवे आपल्या डोक्यावरच असतात.”

सेनापती हसले, आणि तेथे मसलत फिरली. तह जाहला त्याचा मजकूर ऐसा की सकाळभर सभागृह दंतवैद्यांचे, आणि दुपारनंतर मध्य युरेशियाचे. जेवण दोन्ही फौजांनी एकत्र करावे. आणि दुपारचा चहा थोरल्या आचार्यांचे भाषण संपल्याखेरीज कोणासही देऊ नये. हे शेवटले कलम धाकट्या बहिणीने हळूच घातले, आणि त्यातील मुत्सद्देगिरी कोणाच्या ध्यानी आली नाही. हसरा दात मात्र उतरेना. त्याच्या दोऱ्या ज्याने बांधिल्या तो शिडीसह निघोन गेला होता. तेव्हा मध्य युरेशियाची परिषद दाताच्या साक्षीने व्हावी ऐसे ठरले.

सकाळची सत्रे तिसऱ्या मजल्यावर, पुस्तकांच्या खोलीत, गुडघ्यास गुडघा लावोन जाहली. खोगीरवाले विद्वान बोलावयास उभे राहिले, आणि वेळ संपल्याची घंटा वाजली, आणि पुन्हा वाजली, परंतु घोड्यांच्या टापांत मुरलेल्या त्या कानांवर तिचा काही असर होईना. अखेर अध्यक्षांनी त्यांचे खोगीर उचलोन दाराबाहेर ठेविले, आणि विद्वान बोलत बोलत त्याच्या मागोमाग गेले. नमदावाल्या बाईंचे भाषण इतके सुंदर जाहले की बाईसाहेब चिंता विसरोन ऐकत राहिल्या. आपण या विषयात का आलो हे त्यांस पुष्कळ दिवसांनी आठवले.

दुपार जाहली आणि मुख्य लढाईस तोंड लागले. सभागृहात परिषदेचे विद्वान बसले ते पुढल्या दोन रांगांत मावले. धाकटे आचार्य शब्दाप्रमाणे शेवटच्या रांगेत, भिंतीशी. मधला सारा मुलूख ओसाड. अधिष्ठाता साहेब आले, उभ्याउभ्या खुर्च्यांवरून नजर फिरविली, आणि घड्याळ पाहिले. बाईसाहेब दाराकडे पाहू लागल्या. तो दारे उघडली, आणि जेवण आटोपलेले दंतवैद्य थव्याथव्याने आत येऊ लागले, कारण प्रात्यक्षिके चहानंतर, चहा भाषणानंतर, आणि बाहेर ऊन फार. धाकटी बहीण दाराशी उभी राहोन प्रत्येकास पुढे सरकावयास सांगत होती. पाहता पाहता सभागृह भरले, आणि साहेबांस कडेच्या खुर्चीवर बसावे लागले.

पडद्यावर थोरले आचार्य प्रगट जाहले. केस पांढरे, चेहरा उतरलेला, परंतु आवाज जुनाच. त्यांनी मैदानाचे वर्णन केले, दगडाचे केले, आणि त्या झिजल्या अक्षराचे चित्र दाखविले. अक्षरास दात असतात आणि ते झिजतात हे ऐकोन दंतवैद्य सावरोन बसले. मग थोरले म्हणाले, “आता माझं म्हणणं तीन मुद्द्यांत सांगतो. पहिला मुद्दा—” आणि त्याच क्षणी चित्र गोठले. आचार्यांचे तोंड उघडे, भव्य, साऱ्या पडद्यावर. पुढील कित्येक पळे ते मिटेना. दंतवैद्य पुढे वाकले, आणि एक जण शेजाऱ्यास म्हणाला, “वरच्या दाढेचं काम चांगलं झालंय.”

ध्वनियंत्रणेचा कारभारी, ज्यास सारे माईकमामा म्हणत, त्याने तारा उपटल्या आणि पुन्हा खोचल्या, आणि घाम पुसला, आणि मान हलविली. अधिष्ठाता साहेबांनी पुनश्च घड्याळ पाहिले. मागोन कुजबूज सुरू जाहली आणि तीत ‘चहा’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला. बाईसाहेब व्यासपीठावर गेल्या. थोरल्यांचे तीनही मुद्दे त्यांस पाठ होते. परंतु ते बोलावे तर आपण पाहुणेपंथी ठरलो, आणि शेवटच्या रांगेत बसलेला माणूस ते ऐकणार. त्यांनी माईक हाती घेतला. आता चहाची घोषणा करावी आणि सारे सोडोन द्यावे, ऐसे त्यांच्या मनाने घेतले.

तो शेवटच्या रांगेतून धाकटे आचार्य उठले, आणि मधल्या वाटेने चालत आले, आणि त्यांनी हात पुढे केला. “दे इकडे,” म्हणाले. बाईसाहेबांनी माईक दिला. त्यांस वाटले, की आता हे सरांचा आवाज बंद असता ओलीस सिद्ध करणार.

“सरांचं म्हणणं असं आहे,” धाकट्यांनी सुरुवात केली.

आणि मग त्यांनी थोरल्यांची बाजू मांडली. आगीच्या वरले अंग ही मानाची जागा, तेथे पाहुण्यासच बसवितात, हा पहिला मुद्दा. दगड उभारणारा खान नव्हता, साधा मेंढपाळ होता, आणि मेंढपाळाकडे ओलीस कोण ठेवणार, हा दुसरा. येथे सभागृह हसले, आणि धाकटेही किंचित हसले. मग म्हणाले, “तिसरा मुद्दा बोटाचा. उन्हात डोळे फसतात, म्हणून सर गवतात पालथे झोपले आणि डोळे मिटून त्या अक्षरावरून बोट फिरवत राहिले. दुपारभर. मी वर छत्री धरून उभा होतो. शेवटी म्हणाले, एकच दात आहे. आजवर त्या दगडाला इतका वेळ हात लावलेला दुसरा माणूस नाही. म्हणून सर म्हणतात, पाहुणा.”

आपले मत त्यांनी एका शब्दानेही मध्ये आणिले नाही. कोठे खोच नाही, कोठे ‘परंतु’ नाही. बाईसाहेब बाजूस उभ्या राहोन ऐकत होत्या, आणि त्यांस उमगले की ज्याने वीसेक वर्षे एक म्हणणे खोडण्यात घालविली, त्याच्याइतके ते म्हणणे कोणी ऐकलेलेच नव्हते. त्यांचे डोळे भरोन आले, तेव्हा त्या दाताकडे तोंड करोन उभ्या राहिल्या.

तो पडद्यावरील उघडे तोंड मिटले. चित्र हलले. थोरले चष्मा काढोन डोळे पुसत होते.

“आवाज येत होता मला,” ते म्हणाले. “सगळं ऐकलं. मेंढपाळाचा मुद्दा तू माझ्यापेक्षा चांगला मांडलास.”

“तुमचाच आहे, सर.”

“तिथंच थांब. आता तुझी बाजू मी सांगतो. चुकलं तर बोल.”

 थोरल्यांनी ओलिसाचा पक्ष हाती घेतला, आणि ओलीस ठेवलेल्या पोरास मानानेच वागवीत, कारण त्यास काही जाहले तर युद्ध, म्हणोन मानाची जागा हा पुरावा दोन्ही अंगांस चालतो, हे इतक्या सफाईने सांगितले की ओलीसपंथी विद्वान वह्या काढोन लिहू लागले. “शिवाय दगडाची वाऱ्याकडची बाजू सगळीच झिजली आहे,” थोरले म्हणाले. “जवळच्या दोन दगडांवरही तशीच झीज आहे. तेव्हा दुसरा दात होता आणि तो गेला, असं मानायला जागा आहे.”

“तीन दगड, सर.”

“तिसरा कुठला?”

“ओढ्याकाठचा. ज्याच्यावर तुम्ही टोपी विसरला होतात.”

“ती तुला सापडली होती?”

“आहे माझ्याकडे.”

थोरल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढविला. मागील रांगेतून एक वृद्ध दंतवैद्य उभे राहिले आणि विचारते जाहले की झीज वरून आहे की बाजूने, कारण दाताचे बाबतीत यावरून सारे ठरते. तेव्हा थोरले म्हणाले, “वरून.” त्याच दमात धाकटे म्हणाले, “बाजूनं.” आणि मग जो संग्राम पेटला, त्यात खोगीरवाले उठले, नमदावाल्या बाई उठल्या, दंतवैद्यांत वरून-पक्ष आणि बाजूने-पक्ष पडले, आणि सेनापतींनी नगाऱ्याचे आवाजात मत दिले. चहा उकळोन उकळोन आटला तरी कोणी उठेना. अधिष्ठाता साहेब हाताची घडी घालोन ऐकत होते. त्यांनी घड्याळ पाहिल्याचे त्यानंतर कोणाच्या नजरेस आले नाही.

सायंकाळी विद्वान पांगले. बाईसाहेबांनी थोरल्यांस आभाराचा फोन लाविला तो लागेना. पुन्हा लाविला, पुन्हा व्यस्त. मग त्या विभागात गेल्या, तो गॅलरीत मोडक्या खुर्चीवर तोल सांभाळीत धाकटे आचार्य बसलेले, कानाशी फोन.

“नाही सर,” ते म्हणत होते. “एकच दात आहे. आज व्यासपीठावर बोलताना मला पटलं. तुम्ही बोट ठेवून सांगितलंत, आणि मी ते सोडून झिजेच्या मागे लागलो.” थोडे थांबले. “असं कसं? तुम्ही आता ओलीस कसं म्हणता? वीस वर्षं पाहुणा म्हणालात ना?” मग पुष्कळ वेळ ऐकत राहिले. चेहरा लाल जाहला. “हे मला मान्य नाही, सर. मुळीच मान्य नाही. उद्या सकाळी फोन करतो, सगळं काढून बसतो.”

बाईसाहेब आवाज न करता माघारी फिरल्या. जिन्याशी अधिष्ठाता साहेब वर येत होते, कारण इतक्या वर्षांत त्यांनी हा विभाग डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी पुस्तकांच्या खोलीत डोकावले, आणि गॅलरीकडे कान दिला.

“मग शेवटी काय ठरलं, बाई? पाहुणा की ओलीस?”

“नाही ठरलं, साहेब.”

“इतकं सगळं होऊनसुद्धा?”

“आता पहिल्यापेक्षा जास्त घोळ आहे.”

साहेब भिंतीस टेकोन उभे राहिले. “मी घरी जाऊन बायकोला काय सांगू? मघाशीच तिला फोनवर सगळी गोष्ट सांगितलीय, ती वाट बघत असेल.” मग त्यांनी जिना धरला, आणि दोन पायऱ्या उतरोन वळले. “लवकर ठरवा. तोवर ह्या खोल्यांना कोणी हात लावणार नाही, तसं उद्या लिहून देतो.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुलूख पूर्ववत, दोन खोल्या आणि एक गॅलरी, एक वीटही न गमावता राखिला. व्यवस्थापनशास्त्राचे सरदार नकाशा गुंडाळोन दुसऱ्या इमारतीकडे कूच करते जाहले. दंतवैद्यांशी तह कायम राहिला, आणि सेनापतींनी आपला हसरा दात विभागास नजर केला, तो ठेवावयास जागा नाही म्हणोन आदरपूर्वक परत पाठविला. दोघे आचार्य रोज सकाळी बोलतात, आणि रोज भांडतात. आणि बाईसाहेब वर्गात तो दगड शिकवितात तेव्हा त्या शब्दापाशी आता गवताचे छायाचित्र लावीत नाहीत, तेथे थांबतात, आणि विद्यार्थ्यांस विचारतात, “तुम्हांला काय वाटतं?” आणि तास संपल्याची घंटा जाहली तरी वर्ग उठत नाही. हे वर्तमान खरे म्हणोन लिहिले असे.